मुंबई विद्यापीठाचे दोन इतिहास आणि अष्टमीचें एक दप्तर

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासावर इंग्रजींत लिहिलेले दोन ग्रंथ आमच्यासमोर आहेत. पहिला सुं. रा. डोंगरकेरी यांचा ‘अ हिस्टरी ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ बाँबे’. हा विद्यापीठाच्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्तानें १९५७ सालीं निघाला. दुसरा अरुण टिकेकर यांचा ‘द क्लॉइस्टर्स पेल’; याची पहिली आवृत्ति १९८४ ची व दुसरी २००६ ची. दोन्ही ग्रंथ नवे नव्हेत, आणि दोन्ही ग्रंथकार आज हयात नाहींत. तेव्हां त्यांचें परीक्षण आतांच कां, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर असें कीं, रोह्याशेजारीं अष्टमी येथें एका घरचें दप्तर तपासतांना आमच्या हातून एक चूक घडली, आणि तीच चूक वेगळ्या रूपानें या दोन ग्रंथांच्या रचनेंतही आहे अशी आमची खात्री झाली. ती चूक कोणती तें पुढें येईलच. आधीं ग्रंथांचा विचार करूं.

विद्यापीठाचा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे असें कांहीं सभासदांस वाटेल. पण जुने मराठी कागद छापण्याचा उद्योग पद्धतशीरपणें प्रथम हातीं घेतला तो बहुतांशीं या विद्यापीठाच्या पदवीधरांनींच, हें विसरून चालणार नाहीं. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला, त्याचे चालक काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही मुंबईचे बी. ए. रियासतकार सरदेसाई बी. ए. राजवाडेही बी. ए.च. मौज अशी कीं, ज्या भाषेंतील बखरी व पत्रें छापण्यांत या मंडळींनीं आयुष्यें वेंचिलीं, ती भाषा त्यांच्या पदवीच्या परीक्षेंत विषय म्हणून नव्हतीच. उलट पारसनीस व वासुदेवशास्त्री खरे हे पदवीधर नव्हते, आणि त्यांचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं. विद्यापीठानें या शास्त्राला काय दिलें व काय दिलें नाहीं, याचा हिशेब अद्याप कोणीं मांडावयाचा तो मांडलेला नाहीं.

विद्यापीठाच्या स्थापनेची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें तिन्ही इलाख्यांत विद्यापीठें काढण्याचें ठरलें, आणि १८५७ सालीं, उत्तर हिंदुस्थानांत बंडाचा वणवा पेटला असतां, १८ जुलै रोजीं मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना घेतला तो लंडन विद्यापीठाचा. १८३६ सालीं स्थापन झालेलें हें लंडनचें विद्यापीठ त्या काळीं शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेत असे. आणि मुंबईनें त्याचा तोच गुण उचलला. शिकविणारीं विद्यालयें निराळीं. विद्यापीठापाशीं अध्यापक नव्हता, वर्ग नव्हता, विद्यार्थीही नव्हता. होते ते परीक्षक आणि उमेदवार. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांना पदव्या देण्यास विद्यापीठाची स्वतःची वास्तु नव्हती. तो समारंभ टाऊन हॉलांत उरकावा लागला. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला, त्या लाटेंत प्रेमचंद रायचंदांनीं ग्रंथालयासाठीं दोन लक्ष व मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष रुपये दिले; कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून पदवीदानाचें सभागृह उभें राहिलें. सभागृह १८७४ सालीं पुरें झालें, मनोरा १८७८ सालीं. दोहोंचे नकाशे सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं विलायतेंत बसून काढिले. मुंबईस ते कधींच आले नाहींत. घरांत राहणारा कोणी नसतां इतकें देखणें घर बांधल्याचें उदाहरण विरळा. विद्यापीठानें स्वतः शिकविण्यास आरंभ केला तो १९०४ च्या कायद्यानें मोकळीक मिळाल्यानंतर, आणि पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ सालीं. म्हणजे बासष्ट वर्षें गेलीं.

डोंगरकेरी हे विद्यापीठाचे रजिस्ट्रार व पुढें रेक्टर होते. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरु झाले. त्यांच्या ग्रंथाचे गुण त्यांच्या आसनाचे आहेत. १८५७ चा कायदा, १९०४ चा, १९२८ चा, सिनेटची घटना व तिचें बदलणारें स्वरूप, देणग्यांचे निधि, अभ्यासक्रमांतील फेरफार, या सर्वांविषयीं त्यांच्याइतका विश्वासू वाटाड्या दुसरा नाहीं. तारखेची अडचण पडली कीं आम्ही आजही प्रथम त्यांच्याकडेच धांव घेतों. पण ग्रंथाचे दोषही त्याच आसनाचे आहेत. आमच्या वाचकांस चिटणिसी बखरीची रीति परिचित आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्यापाशीं दप्तर होतें, अधिकार होता आणि धन्याचें मीठही होतें. त्यामुळें त्यांची बखर इतर बखरींहून भरगच्च झाली, आणि धन्याच्या घराबाहेर काय चाललें होतें याविषयीं ती तितकीच मूक राहिली. डोंगरकेरींचा ग्रंथ ही विद्यापीठाची चिटणिसी बखर आहे. हें आम्ही निंदेनें म्हणत नाहीं. बखरीला बखर म्हणून वाचलें म्हणजे तिचा उपयोग फार आहे. तिला इतिहास समजणें हीच अडचण.

टिकेकरांचें तसें नाहीं. ते विद्यापीठाचे नोकर म्हणून लिहीत नव्हते. वृत्तपत्रांत वाढलेले, एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्राचा ध्यास घेतलेले, पुढें ‘लोकसत्ता’चे संपादक व मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ. त्यांनीं आपल्या ग्रंथास विद्यापीठाचें चरित्र म्हटलें आहे. चरित्र म्हटलें म्हणजे स्वभाव आला, स्तुतीबरोबर दोषही आले, आणि लेखकास आपलें मत देण्याची मुभा आली. ती मुभा घेऊन लिहिणारा लेखक विद्यापीठाच्या इतिहासाला मिळाला, हें आम्ही भाग्य समजतों. आमचा वाद ग्रंथाच्या नांवाशीं आहे, आणि तो केवळ शब्दाचा वाद नव्हे. ‘क्लॉइस्टर’ म्हणजे मठाच्या चौकाभोंवतालची छपराची वाट. ‘पेल’ म्हणजे कुंपण, आवार. मिल्टन कवीच्या एका काव्यांतून घेतलेल्या या नांवानें डोळ्यांपुढें उभें राहतें तें ऑक्सफर्ड-केंब्रिजचें चित्र: गुरु-शिष्य एका आवारांत राहतात, एका पंक्तीस जेवतात, आणि विद्या त्या भिंतींच्या आंत नांदते. मुंबईला असें आवार कोठें होतें? ज्या संस्थेनें पहिलीं बासष्ट वर्षें कोणाला एक धडा दिला नाहीं, तिच्या कुंपणाच्या आंत पाहावयाचें काय? कदाचित् टिकेकरांनीं हें नांव उपरोधानें योजिलें असेल. तसें असल्यास उपरोध खासा आहे. तरी तो घेऊनही प्रश्न उरतोच. चरित्र लिहावयाचें तर चरित्रनायक राहत होता कोठें, हें आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या मतें तो फोर्टांतल्या त्या मनोऱ्याखालीं राहत नव्हता. तो अष्टमीसारख्या गांवीं, दिव्याच्या उजेडांत पाठ करणाऱ्या मुलाच्या घरीं राहत होता.

आतां अष्टमीविषयीं. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें व दुसऱ्या तीरावर अष्टमी, वर अवचितगडाचा डोंगर, अशी ही जोडवस्ती आहे. गांव लहान असलें तरी कागदांत जुनें आहे. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन निघाला, तो चौलाकडून खाडीनें अष्टमीस येऊन उतरला व तेथून निजामपुरावरून रायगडाकडे गेला. इंग्रजांच्या लिखाणांत या गांवाचें नांव चमत्कारिक अपभ्रंशानें आढळतें, पण स्थळ निःसंशय हेंच. दोनशें वर्षांनंतर याच गांवचीं मुलें उलट्या दिशेनें निघालीं. नागोठण्यावरून धरमतर, धरमतरहून आगबोटीनें मुंबई, आणि मुंबईस परीक्षा.

या गांवीं ज्या घरचें दप्तर आम्हीं पाहिलें त्या घराचें नांव यजमानांच्या इच्छेवरून देत नाहीं. प्रथम गेलों तेव्हां माळ्यावर दोन ठिकाणीं कागद होते. एक मोडी कागदांचा रुमाल: खंडाचे हिशेब, कतबे, पावत्या, वांटणीचा एक निवाडा, असे नेहमींचे, त्यांतील कांहीं पेशवाईच्या अखेरचे. दुसरी पत्र्याची पेटी. तींत विद्यापीठाचीं जुनीं वार्षिक क्यालेंडरें, छापील प्रश्नपत्रिका, टिपणाच्या वह्या, प्रवेशपरीक्षेचें प्रमाणपत्र आणि पत्रांचा एक गठ्ठा होता. आम्हीं रुमाल सोडून तीन दिवस नकला घेतल्या. पेटी उघडली, वरवर चाळली व मिटविली. यजमानांनीं विचारलें, याचें काय करावें? आम्हीं सांगितलें, हे कागद संशोधनाच्या उपयोगाचे नाहींत.

नऊ वर्षांनीं पुन्हां जाण्याचा योग आला तेव्हां घर नवें बांधलेलें होतें. रुमाल देवघराशेजारच्या कपाटांत नव्या वस्त्रांत गुंडाळून ठेवलेला होता. पेटी नव्हती; तींतले कागद रद्दींत गेले होते. यजमानांचा दोष कांहींच नाहीं. आमच्याच शब्दावर विसंबून त्यांनीं तें केलें. मोडी त्यांस वाचतां येत नव्हती म्हणून तो रुमाल त्यांनीं जपला. इंग्रजी वाचतां येत होतें म्हणून ते कागद विकले. जें वाचतां येतें त्यांत विशेष तें काय असणार, असा हा हिशेब. आणि तो आम्हींच त्यांना शिकविला होता. त्या पेटींतलीं अकरा पत्रें व दोन मसुदे कोणा काळीं चुकून मोडी रुमालांत गुंतले होते, तेवढे वांचले.

हीं पत्रें मुलानें मुंबईहून वडिलांस लिहिलेलीं आहेत. पहिलें शके १८०९ च्या आश्विनांतलें, म्हणजे इ. स. १८८७ चें, शेवटचें १८९६ चें. पहिलीं चार मोडींत आहेत. ‘तीर्थरूप’ हा मायना, तिथि व शक, शेवटीं विज्ञापना, सर्व कांहीं शिरस्त्याप्रमाणें; अक्षर बापाच्या वळणाचें. पांचव्यापासून नवव्यापर्यंतचीं पत्रें बालबोध आहेत, तिथीखालीं इंग्रजी तारीख आली आहे, आणि मायना आंखूड झाला आहे. शेवटचीं दोनही बालबोधच. परंतु त्यांत तिथि नाहीं, शक नाहीं, केवळ तारीख. आणि सही इंग्रजी. नऊ वर्षांत एका मुलाच्या हातून एक लिपि कशी सुटली, हें असें वर्षवार दाखविणारा दुसरा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं. मोडीचा ऱ्हास छापखान्यामुळें झाला, सरकारी हुकुमांमुळें झाला, विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून गेल्यामुळें झाला, असें आपण नेहमीं म्हणतों व तें खरें आहे. पण या पत्रांत ती कोणाच्याही हुकुमावांचून जातांना दिसते. मोडी लिहूं नको असें विद्यापीठानें या मुलास कधीं सांगितलें नाहीं. विद्यापीठानें मोडींत त्याला कांहीं विचारलें नाहीं, इतकेंच.

मजकूर साधा आहे. खानावळीचे पैसे, धरमतरची बोट चुकल्यामुळें झालेला खोळंबा, संस्कृताची भीति नाहीं पण इंग्रजीची आहे ही कबुली, पहिल्या खेपेस इंग्रजींत नापास झाल्याचें कळविणारें सहा ओळींचें पत्र. त्या पत्राच्या पाठीवर वडिलांच्या उत्तराचा मोडी मसुदा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांत रागाचा शब्द नाहीं. पुन्हां बसण्यास पैशाची तजवीज कशी करतां येईल, कोणते भात विकावें लागेल, आणि पास झाल्यावर कचेरींत जागा मिळेल कीं नाहीं, एवढ्याच गोष्टी आहेत. दोन्ही मसुद्यांत ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द एकदांही नाहीं, विद्यापीठ किंवा विश्वविद्यालय हाही नाहीं. वडील सर्वत्र ‘मुंबईची परीक्षा’ असें लिहितात. अष्टमीच्या त्या गृहस्थास ही संस्था कायद्यानें काय आहे हें ठाऊक नव्हतें. पण तिच्या स्वभावाचें नांव त्यानें अचूक ठेविलें. दोन्ही ग्रंथांवरील आमचा आक्षेप या दोन शब्दांत आला. जी संस्था म्हणजे एक परीक्षा, तिचा इतिहास परीक्षा घेणाऱ्यांच्या दप्तरांतून अर्धाच मिळणार. उरलेला अर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या घरीं असणार.

हा दुसरा अर्धा भाग किती मोठा आहे याची कल्पना आणण्यास एक गोष्ट पुरे. विद्यापीठाच्या उत्पन्नाचें एक मोठें अंग परीक्षेचें शुल्क हें होतें. मनोरा कापसाच्या पैशांतून उठला. पण रोजचा गाडा चालला तो अष्टमीच्या भातावर, आणि जो नापास होई तो पुन्हां शुल्क भरी. देणगीदारांच्या तसबिरी सभागृहांत लागल्या व त्यांचीं नांवें इतिहासांत आलीं, हें योग्यच झालें. शुल्क देणाऱ्यांची नोंद कोठें घ्यावयाची?

मराठी भाषेचा प्रश्नही येथूनच पाहिला पाहिजे. आरंभीं विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांस स्थान होतें; १८६० नंतरच्या दशकांत वरच्या परीक्षांतून त्या गेल्या व त्यांच्या जागीं संस्कृत, लॅटिन इत्यादि अभिजात भाषा आल्या. त्या परत आणण्यासाठीं रानड्यांनीं सिनेटांत आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचें १८९८ चें टिपण याच खटपटीचा भाग होय. अखेर एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीस दार उघडलें. हा वृत्तांत सिनेटच्या ठरावांवरून लिहितां येतो व लिहिला गेला आहे. पण ठराव झाले त्याच सुमारास मुलें घरच्या पत्रांतून मोडी सोडीत होतीं, हें ठरावांत कोठून दिसणार? मराठी भाषेस विद्यापीठानें उशिरां कां होईना पुन्हां जागा दिली; मराठीच्या जुन्या कागदांची जी लिपि, तिला दिली नाहीं. परिणाम असा कीं, मराठी घेऊन एम्. ए. झालेल्या नातवास आजोबांचा कतबा वाचतां येईना. विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील हस्तलिखितांच्या ज्या छापील वर्णनात्मक याद्या आमच्या संग्रहीं आहेत, त्यांत अरबी-फारसी-उर्दू पोथ्यांची शेख अब्दुल कादर सर्फराज यांची १९३५ ची, आणि संस्कृत-प्राकृत पोथ्यांची गो. वि. देवस्थळी यांची १९४४ ची. दोन्ही उत्तम आहेत. देवस्थळींची तर नमुनेदार आहे. दोहोंच्याही शीर्षकांत मराठीचें नांव नाहीं. आमच्या संग्राहक मित्रांनीं याचा विषाद मानूं नये. विद्यापीठानें जें गोळा केलें नाहीं तें त्यांनीं केलें, आणि त्यांतले पुष्कळ जण विद्यापीठाचेच पदवीधर होते.

याच जिल्ह्यानें, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्यानें व १९८१ पासूनच्या रायगडानें, या परीक्षेस दोन विलक्षण उमेदवार दिले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मले पेण तालुक्यांतील वरसईस. त्यांनीं परीक्षा दिली, पदवी घेतली, आणि ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या निबंधांत त्या सगळ्या शिक्षणाची जी झाडाझडती घेतली ती प्रसिद्ध आहे. राजवाड्यांचा निबंध एकांगी आहे, कित्येक ठिकाणीं अन्यायाचाही आहे. पण उमेदवाराच्या बाजूनें लिहिलेला तो पुरावा आहे, आणि विद्यापीठाच्या कोणत्याही इतिहासांत तो पहिल्या प्रतीचें साधन म्हणून वापरला पाहिजे. दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म महाडाजवळ नाते येथें १८९६ सालीं, बालपण रोह्यास. १९१२ च्या प्रवेशपरीक्षेंत ते सर्व इलाख्यांत पहिले आले व जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची संस्कृताची शिष्यवृत्ति त्यांना मिळाली. पुढें केंब्रिज, आय. सी. एस. मध्यें पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचें गव्हर्नरपद, अर्थमंत्रिपद, हें सर्वांस विदित आहे. पण १९५६ सालीं ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले व १९६२ पासून १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु होते, ही गोष्ट आमच्या विषयाशीं अधिक लागू आहे. रोह्याहून परीक्षेस निघालेला मुलगा देशांतील सर्व विद्यापीठांना पैसा वांटणाऱ्या आसनावर बसला. राजवाडे त्या यंत्रांतून बाहेर पडून त्यावर तुटून पडले. देशमुख त्याच यंत्राच्या शिखरावर गेले. एकाच परीक्षेनें दोघांनाही पास केलें होतें. ही परीक्षा विद्वत्ता घडवीत नसे, तिला फक्त ओळखीत असे; आणि कधींकधीं अचूक ओळखीत असे, एवढें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

या दोन ग्रंथांच्या मधल्या व नंतरच्या काळाविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. एके काळीं सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेलें हें विद्यापीठ हळूहळू आंकुंचित झालें. १९४९ सालीं पुणें, गुजरात, कर्नाटक हे प्रांत आपापल्या विद्यापीठांचे झाले. गोव्याचीं महाविद्यालयें १९८५ सालीं वेगळीं झालीं. प्रवेशपरीक्षाही शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली. कोंकण मात्र आज मुंबईकडेच आहे: ठाणें व पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सातशेंवर संलग्न महाविद्यालयांचें हें अवाढव्य विद्यापीठ आज शिकवितें, संशोधन करितें, कलिन्याच्या आवारांत त्याचे विभाग आहेत. टिकेकरांचें आवार आतां खरोखरच झालें आहे. पण रोह्यास चिंतामणरावांचें नांव लावलेल्या महाविद्यालयांत बसणाऱ्या मुलीस तें कलिन्याचें आवार किती वेळां दिसतें? तिच्या लेखीं विद्यापीठ म्हणजे अजून प्रश्नपत्रिका, आसनक्रमांक आणि निकालच आहे. २०१७ सालीं उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईंत निकाल महिनोगणती रखडले व शेवटीं कुलपतींनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें. एखाद्या विद्यापीठाचें संशोधन थांबलें म्हणून कुलगुरु गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. येथें निकाल थांबला आणि गेले. दीडशें वर्षांत संस्थेचा स्वभाव किती बदलला, याचें उत्तर या एका घटनेंत आहे.

तिसरा इतिहास कोणी लिहील तर तो मराठींत लिहावा, आणि फोर्टाइतकाच खाड्यांच्या कडेनें हिंडून लिहावा. त्याला लागणारीं साधनें मात्र त्याच्या हातीं लागण्यापूर्वीं आपल्या हातून जात आहेत. आमच्या संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना त्याच घरची पत्र्याची पेटीही उघडावी. प्रमाणपत्रें, वह्या, शुल्काच्या पावत्या, नापास झाल्याचीं पत्रें, छापील क्यालेंडरांच्या समासांतलीं टिपणें, यांची यादी मोडी कागदांच्या यादीखालींच करावी. सालवारी, गांव, परीक्षेचें नांव व लिपि एवढे रकाने पुरेत. क्यालेंडर छापील आहे म्हणून टाकूं नये. तें कोणाच्या घरीं निघालें हीच त्याची किंमत. जें वाचतां येतें त्याचीही नक्कल घ्यावी लागते, हें आम्हांस नऊ वर्षें व एक पेटी गमावून कळलें.

अष्टमीचीं अकरा पत्रें व दोन मसुदे मूळ यजमानांपाशींच आहेत. आमच्या नकला संग्रहांत ठेविल्या आहेत. मोडी पत्रांचें बालबोध रूपांतर सोबत जोडलें आहे. सातव्या पत्रास पूर्वीं केव्हां तरी पुराचें पाणी लागलेलें असून खालच्या तीन ओळी लागत नाहींत. त्यांतील एक, आंकड्यांच्या खुणांवरून, परीक्षेच्या क्रमांकाची असावी असें वाटतें.